कोऱ्या नळीचं नाव

१

आमच्या प्रयोगशाळेत रोज एका नळीत नुसतं पाणी भरतात. बाकीच्या नळ्यांत कुणाचं रक्त, कुठल्या मेंढीचं रक्त, कधी चिरडलेली गोचीड. हिच्यात फक्त शुद्ध पाणी. तिला आम्ही कोरी नळी म्हणतो.

मशीन चाळीस फेऱ्या करतं. नमुन्यात विषाणू असेल तर त्याच्या खुणा दर फेरीला दुप्पट होतात, आणि पुरेशा झाल्या की पडद्यावर त्या नळीची रेघ वर उठते. रेघ जितक्या आधी उठेल तितका विषाणू जास्त. कोऱ्या नळीची रेघ कधीच उठायची नसते. उठलीच तर हात, हवा, पाणी, कुठंतरी घाण झाली असं समजायचं आणि त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट रद्द करायचे.

मी मृण्मयी पाठक. जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजारांची तपासणी करणारी ही प्रयोगशाळा मी चालवते. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद कारखान्याच्या ऑफिसात, कोरोनाच्या वर्षी घाईघाईत सुरू झालेली. त्या वेळी मशीन थेट सरकारी पोर्टलला जोडून दिलं होतं. पोर्टलला प्रत्येक नळीला माणूस लागायचा. मी कोऱ्या नळीचं नाव रिकामं ठेवलं की लाल अक्षरं यायची, ‘नाव आवश्यक आहे’. फोन करून विचारलं, तर पलीकडचा माणूस म्हणाला, मॅडम, काहीतरी टाका ना, कशाला डोकं लावता.

मी टाकलं. बानाबाई, वय साठ, व्यवसाय मेंढपाळ, पत्ता चिकलठाणा, एनए प्लॉटच्या मागे. मनाला आलं ते. म्हणजे अगदीच मनाला आलं असं नाही. कुणी कधी चौकशी करणार नाही असं नाव मी शोधत होते, आणि ते मला लगेच सापडलं.

तेव्हापासून चार वर्षं बानाबाईचा रोज रिपोर्ट निघाला आणि रोज निगेटिव्ह निघाला. आमची टेक्निशियन सुकेशनी हसायची, “मॅडम, अख्ख्या जिल्ह्यात हिच्याइतकं ठणठणीत कुणी नाही.”

२

माझा नवरा विश्वजित पशुवैद्यकीय अधिकारी आहे. यंदा पावसानं पाठ फिरवली, जायकवाडी तळाला गेलं, शहरात नळाला दहा-दहा दिवसांनी पाणी. माळावर काही उरलं नाही म्हणून मेंढपाळ कळप घेऊन शहराच्या कडेला आले. चिकलठाण्यामागे जिकडे तिकडे प्लॉट पाडलेत, पांढरे दगड रोवलेत, आणि त्या दगडांमधलं वाळकं गवत मेंढ्या खात फिरत होत्या. बिरू नावाच्या मेंढपाळाच्या अकरा मेंढ्या आठवड्याभरात गेल्या. विश्वजित नमुने घ्यायला गेला आणि दंडाला गोचीड लावून घेऊन आला. मी ओरडले. तो म्हणाला, “वीस वर्षं झाली मला गोचिड्या चावतायत, आता त्याच कंटाळल्यात.”

शुक्रवारी त्याला ताप भरला. शनिवारी कातडीखाली लाल ठिपके दिसले आणि सरकारी दवाखान्याच्या वेगळ्या वॉर्डात त्याला ठेवलं. आत कुणालाही सोडत नव्हते, मलाही नाही.

डॉक्टर रामेश्वर त्याचे उपचार बघत होते. सरळ माणूस. ते म्हणाले, “डेंग्यू असेल तर मला पाणी आणि धीर पुरतो. गोचिडीचा रक्तस्रावी ताप असेल तर वेगळं औषध, आणि ते जितक्या लवकर तितकं बरं. पण त्यांचं यकृत आधीच सुजलंय. नुसत्या संशयावर ते औषध मी देणार नाही. मला हो किंवा नाही एवढंच सांगा.”

एक नमुना पुण्याला पाठवला होता. तिथून उत्तर यायला गुरुवार उजाडणार होता. मधल्या दिवसांत हो किंवा नाही सांगणारं जिल्ह्यात एकच मशीन होतं आणि ते माझ्यासमोर होतं.

सोमवारी साडेबाराला रेघा उमटायला लागल्या. विश्वजितची रेघ तळाशी आडवी. चाळिसाव्या फेरीपर्यंत आडवी. मला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात सुकेशनी म्हणाली, “मॅडम, बानाबाई.”

कोऱ्या नळीची रेघ अडतिसाव्या फेरीला वर उठली होती.

३

अडतीस म्हणजे अगदी शेवटी, जेमतेम. तरी नियम तो नियम. विश्वजितचा निगेटिव्ह रद्द. मी डॉक्टर रामेश्वरांना फोन करून सांगितलं की आज काही सांगता येत नाही. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले.

मंगळवारी मी सुकेशनीला बाजूला बसवलं आणि सगळं स्वतः केलं. पिपेट बदलले. सगळे ओटे ब्लीचनं पुसले. हात धुवायचं पाणी आमच्याकडे टँकरचं असतं, त्यावर माझा विश्वास नाही, पण नळीतलं पाणी त्यातलं नसतं. ते सीलबंद बाटलीत कंपनीकडून येतं. मी नवी बाटली, नवं खोकं, शेजारच्या खोलीत नेऊन उघडलं. विश्वजितचं ताजं रक्त सकाळीच आलं होतं. नळीवर त्याचं नाव मी माझ्याच अक्षरात लिहिलं, खात्रीसाठी दोनदा.

विश्वजित आडवा. बानाबाई पस्तीस.

“घाण असती तर कमी व्हायला पाहिजे होती,” सुकेशनी म्हणाली. “आपण सगळं बदललं.”

“मग कुठंतरी राहिलीय,” मी म्हणाले. माझा आवाज उगाचच चढला. कालच्यापेक्षा तीन फेऱ्या आधी म्हणजे आठपट. एका दिवसात, नुसत्या पाण्यात.

दुपारी आरोग्यसेविका गीताबाईंचा फोन आला. चिकलठाण्याचा भाग त्यांच्याकडे. पोर्टलवर कुणी पॉझिटिव्ह दिसलं की त्यांच्या मोबाईलवर आपोआप नाव-पत्ता जातो आणि त्यांनी घरी जाऊन यायचं असतं. सोमवारी निकाल रद्द करताना ते नाव थांबवायचं मी विसरले होते. चूक माझी होती.

“मॅडम, तुमची ती पेशंट सापडली हं,” गीताबाई म्हणाल्या.

“कोण पेशंट?”

“बानाबाई. पत्त्याचं काय खरं नव्हतं, नुसतं प्लॉटच्या मागं म्हून लिवलेलं. पर सापडली. बाभळीखाली बसली हुती. लई अशक्त हाय म्हातारी. मी म्हनलं ताप हाय का, तर बोलली नाय. हात लावून बघितला तर गार. सगळ्या अंगाचं लुगडं वलं, मॅडम. म्या म्हनलं या दुष्काळात कुठं न्हालीस बाय?”

मी हसले. मला खरंच हसू आलं. आपल्याकडच्या भेटी कशा होतात हे मला ठाऊक आहे. घरात पंख्याखाली बसून फॉर्म भरायचा आणि कुणी विचारलंच तर असं रंगवून सांगायचं.

“गीताबाई, ती बाई नाहीये. ते पाण्याचं नाव आहे. चुकून गेलं तुमच्याकडे.”

 मग त्या म्हणाल्या, “मग सरकारी दवाखान्याकडं कोनती रिक्षा जाती म्हून मला कुनी इचारलं?”

४

बुधवारी मी नऊच्या आधीच पोचले. वीज गेली होती. नमुने हाताळायच्या कॅबिनेटचा पंखा, डीप फ्रीजरची घरघर, एसी, या सगळ्यांची इतकी सवय झालेली असते की ते थांबल्यावर कान दुखतात. आम्ही पाण्याची खोकी ठेवतो त्या छोट्या खोलीच्या दारात मी उभी होते. आत कुणीतरी पाणी पीत होतं.

भांडं वाजलं नाही, पाऊल वाजलं नाही. नुसता घोट. घशातून खाली जाताना होतो तेवढाच आवाज. मग थोडं थांबून दुसरा. खूप तहानलेलं माणूस आधी घटाघट पितं आणि मग सावकाश पितं, त्यातला तो सावकाशचा आवाज होता.

मी दार ढकललं. खोली आठ बाय आठची. रॅक, खोकी, भिंतीवर अग्निशामक. माणूस लपेल अशी जागा नाही. मी एक खोकं उघडलं. बाटल्यांचं सील जसंच्या तसं होतं आणि सगळ्यात पुढच्या बाटलीतलं पाणी बोटभर कमी होतं.

कंपनीनं कमी भरलं असेल. खरंच असेल. पाइपमध्ये हवा अडकली की घोटासारखा आवाज होतो, हेही खरं आहे. मी हे दोन्ही स्वतःशी मोठ्यानं बोलून दाखवलं. वीज आली आणि सगळं पुन्हा घरघरायला लागलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

त्या दिवशी नळ्यांची प्लेट सुकेशनीनं मशीनला लावली आणि मी शेजारी उभं राहून प्रत्येक नळीवर बोट ठेवून मोजलं. विश्वजित आडवा. बानाबाई एकतीस.

एकतीस हा घाणीचा आकडा नसतो. एकतीस हा माणसाचा आकडा असतो. अशा माणसाला ताप असतो, अंगदुखी असते आणि आपण त्याच्या घरच्यांना बोलावून घेतो.

“मॅडम,” डॉक्टर रामेश्वर फोनवर म्हणाले, “त्यांचे प्लेटलेट पंचवीस हजारांवर आलेत. पण गंमत म्हणजे ताप उतरलाय. काल दुपारपासून नव्याण्णवच्या वर नाही. मला काही कळत नाहीये. तुम्ही काय सांगताय?”

मी काहीच सांगू शकत नव्हते. माझ्यासमोर तीन दिवसांचे तीन निगेटिव्ह पडलेले होते आणि एकावरही सही करता येत नव्हती.

५

दुपारी दोनला बिरू खिडकीशी आला. मेंढ्यांचे रिपोर्ट न्यायला. पन्नाशीचा, वाळलेला माणूस, खांद्यावर घोंगडी इतक्या उन्हातही.

“डॉक्टरसायब कसं हायेत?” हेच त्यानं आधी विचारलं. मेंढ्यांचं नंतर.

“आहेत,” मी म्हणाले.

“माझ्या मेंढरांपायी झालं सारं.” तो खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, “मॅडम, ही बानाबाई कोन? गीताबाई आमच्या पालावर येऊन इचारून गेली. आमच्यात आशी कोन नाय. त्या बाभळीखालच्या म्हातारीला म्या बी इचारलं, कुठली गं तू, कुनाची? तर म्हनती, दवाखान्याची.”

“कोणी नाहीये ती. कागदावरचं नाव आहे नुसतं.”

“नाव हाय म्हंजी कोन तरी आसंल की.”

“नाही रे बाबा. मी ठेवलं ते नाव. मीच.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. लहान मुलानं काहीतरी मोडून आणलं की मोठी माणसं पाहतात तसं.

“माझा बाप मेंढराला नाव ठिवू देत नसं,” तो म्हणाला. “म्हनायचा, नाव ठिवलं की ते हाकंला येतं. आन् आलं की त्याला जा म्हनता येत नाय. तुमी तर रोज हाक मारली आसंल.”

रोज. चार वर्षं. मी म्हणाले, “मेंढ्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, बिरू. उरलेल्यांना औषध फवारायला माणसं येतील, पळू नकोस.”

“नाय पळत.” कागद घडी करून त्यानं खिशात ठेवला. “सकाळच्या पारी ती हितंच बसती तुमच्या दारात, दोन दिस झालं. दुपार झाली की उठून जाती. तुमाला दिसली नाय व्हय?”

मी बाहेर येऊन पाहिलं. दारासमोरच्या रॅम्पवर कुणी नव्हतं. बेचाळीस अंशांचं ऊन होतं, सिमेंट पांढरं पडलं होतं, आणि भिंतीलगत एका माणसाच्या बुडाएवढी ओल होती. टँकरवाल्याचा पाइप गळतो, तो इथूनच ओढत नेतात. मी हेही मोठ्यानं बोलून दाखवलं, पण ऐकायला कुणी नव्हतं.

६

संध्याकाळी निघायच्या आधी मी पोर्टल उघडलं. माझं कारण साधं होतं. नोंद चालू आहे तोवर गीताबाईंना निरोप जात राहणार, गावभर बोभाटा होणार, वरून चौकशी लागणार. ही नोंद बंद करायची आणि उद्या नव्यानं सुरुवात करायची. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी घाबरलेली होते ती वेगळी गोष्ट.

नोंद बंद करायला तीन पर्याय असतात. बरी झाली, स्थलांतरित, मयत.

‘बरी झाली’ दाबलं तर लागोपाठ दोन निगेटिव्ह रिपोर्ट मागितले. ‘स्थलांतरित’ दाबलं तर नवा पत्ता आणि नवा मोबाईल मागितला. ‘मयत’ दाबलं तर काहीच मागितलं नाही.

सुकेशनी पर्स खांद्याला लावून मागे उभी होती. “मॅडम, हे नका करू,” ती म्हणाली.

“का? कोण मरतंय?”

तिनं छोट्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मला तिच्यावर इतका राग आला की मी तिच्याकडे बघतच बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली, ‘नोंद पूर्ण झाली’. बाजूच्या छोट्या खोलीत काहीतरी खाली सांडल्याचा आवाज झाला. आम्ही दोघींनीही तो ऐकला आणि दोघींनीही तिकडे जायचं टाळलं. कुलूप लावून आम्ही निघालो.

७

गुरुवारी छोट्या खोलीतली जमीन कोरडी होती. खोकी जागेवर होती. मी विचार केला, बघ, झालं ना.

यादी भरायला बसले तर कोऱ्या नळीसाठी नाव सुचेना. मयत माणसाचं नाव पोर्टल घेईना. वेळ जात होता, दवाखान्यातून विश्वजितचं सकाळचं रक्त येऊन पडलं होतं. मी नियम मोडला. पोर्टलची जोडणी काढून, यादी न भरताच प्लेट लावली. कोरी नळी बिननावाची राहिली.

बारा चाळीसला अडतिसावी फेरी झाली. कोरी नळी आडवी. चाळिसावी झाली, तरी आडवी. इतकी स्वच्छ, सरळ, आडवी रेघ मी आठवड्यात पाहिली नव्हती. घाण गेली होती. आजचा निकाल खरा होता, मी त्यावर सही करू शकत होते.

मग मी विश्वजितची रेघ पाहिली. ती अठ्ठाविसाव्या फेरीलाच उठली होती.

सोमवारी अडतीस, मंगळवारी पस्तीस, बुधवारी एकतीस, आणि आज अठ्ठावीस. आकडे जिथं थांबले होते तिथूनच पुढे चालू झाले होते, फक्त नळी दुसरी.

सुकेशनी हळूच म्हणाली, “मॅडम, आपण तीन दिवस नळ्या उलट्या तर नव्हत्या लावल्या? त्यांची आणि पाण्याची अदलाबदल?”

तसं असेल तर मी तीन दिवस माझ्या नवऱ्याचा आजार डोळ्यांनी पाहत होते आणि त्याला पाण्याची घाण म्हणत होते. हे भयंकर होतं, तरी ते खरं निघावं असं मला वाटत होतं. मी सोमवारपासूनचं सगळं आठवून पाहिलं. माझं अक्षर आठवलं. दोनदा लिहिलेलं नाव आठवलं. बुधवारी प्रत्येक नळीवर ठेवलेलं बोट आठवलं. मी शपथ घेऊ शकले नसते, पण नाही, नव्हत्या लावल्या उलट्या.

डॉक्टर रामेश्वरांना मी ‘हो’ म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “पुण्याचाही आत्ताच फोन आला. शनिवारच्या नमुन्यातच विषाणू होता.” मग थांबून म्हणाले, “सकाळपासून ताप एकशे चार आहे. औषध सुरू करतोय. सोमवारी कळलं असतं तर.” वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी त्यांचे आभार मानले आणि फोन ठेवून ओट्याला धरून उभी राहिले. 

एक वाजता विश्वजितचा फोन आला. रोज त्याच वेळेला यायचा. वॉर्डात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायला लावत, म्हणून आवाज घुमायचा. आज आवाज ओळखू येत नव्हता.

“मनी,” तो म्हणाला. घरात मला तो मनी म्हणतो. “तुमच्या त्या आजी आज नाही आल्या गं.”

“कुठल्या आजी?”

“तूच पाठवल्यास ना? मला वाटलं तूच. मंगळवारी दुपारी आल्या. धनगराच्या म्हातारीसारख्या. बोलायच्या नाहीत. कपाळावर ओली पट्टी ठेवायच्या. नुसता हात ठेवला तरी पट्टीसारखं गार वाटायचं. काल संध्याकाळपर्यंत होत्या. मग एकदम अशा वाकल्या, पोटात दुखल्यासारख्या. मी सिस्टरला हाक मारली तर सिस्टर म्हणते, आत कोणीच आलं नाही, जमिनीवर पाणी कुणी सांडलं.” तो दमला. श्वास घेत राहिला. “फार छान वाटायचं गं. सगळं अंगातून काढून घेतल्यासारखं. कोण होत्या त्या?”

“बानाबाई,” मी म्हणाले. चार वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा कुणाला तरी एका माणसाचं नाव म्हणून सांगितलं. 

८

फोन ठेवल्यावर मी पोर्टलशी भांडले. दुसरा शब्द नाही. बानाबाईची नोंद उघडली, ‘मयत’ काढायला गेले. ‘मयत नोंद बदलता येत नाही.’ नव्यानं नाव टाकलं, वय साठ, मेंढपाळ. ‘ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे.’ वय एकसष्ट करून पाहिलं. पत्ता बदलून पाहिला. शेवटी मदतीच्या नंबरवर फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, “मॅडम, मेलेला माणूस परत कसा येणार?” ती वैतागून म्हणाली होती, तिला काय माहीत.

सुकेशनी म्हणाली, “दुसरं नाव टाका. कोणतंही. नाव असलं की झालं ना?”

आता तीसुद्धा हे सगळं खरं धरूनच बोलत होती. मी टाइप करायला लागले. सरूबाई, वय पासष्ट, मजुरी, पत्ता... आणि बोटं थांबली. पुन्हा एक म्हातारी. पुन्हा पालावरची, बाभळीखालची, जिला कुणी विचारणार नाही अशी. किती सहज आलं होतं ते माझ्या हातात. माझा नवरा वाचावा म्हणून पाठवायची, आणि नकोशी झाली की बटण दाबायचं. मला स्वतःची अशी किळस आयुष्यात आली नव्हती.

मी ते सगळं पुसलं. मग लिहिलं: मृण्मयी पाठक, वय सत्तेचाळीस, व्यवसाय वैज्ञानिक. पत्ता आमच्या घराचा. मोबाईल माझा.

“मॅडम,” सुकेशनी म्हणाली.

“प्लेट लाव. त्याचं सकाळचं रक्त उरलंय. कोऱ्या नळीत पाणी भर.”

तिनं भरलं. मी झाकण लावताना पाहिलं, स्वच्छ पाणी, तळाशी काहीही नाही. मशीन सुरू झालं. आम्ही दोघी स्टुलावर बसलो. बाहेर टँकर येऊन गेला, बायकांची भांडणं झाली, विमानतळाकडे एक विमान उतरलं. मी आयुष्यभर कोऱ्या नळीची रेघ आडवी राहावी म्हणून बसले होते. त्या दुपारी मी पहिल्यांदा ती उठावी म्हणून बसले.

विसाव्या फेरीला काही नाही. पंचविसाव्याला काही नाही.

अठ्ठाविसाव्या फेरीला कोऱ्या नळीची रेघ उठली. माझ्या नावाची. तीही बानाबाईची उठली होती तशीच, सावकाश आणि पक्की. विश्वजितची रेघ खाली आडवी पडून होती. तेच रक्त, तीच सकाळ, आणि त्याच्यात आता काही नव्हतं. सुकेशनी तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मला मात्र आनंद झाला. कसला, ते विचारू नका. झाला.

मी त्याला फोन लावला. त्यानं उचलला, पण बोलला नाही. पिशवीची चरचर ऐकू आली, फोन पलंगावर ठेवल्यासारखा आवाज झाला. मी ‘ऐकतोयस का’ म्हणणार होते.

“अगं,” तो म्हणाला. माझ्याशी नाही. खोलीत कुणाशी तरी. “तू आत कशी आलीस? सोडलं तुला?”

मी स्टुलावरून उठले.

“बस. नाही, बस इथं. सगळी भिजलीयस की.” पलंग करकरला. मग त्याचा आवाज, आठवडाभरात ऐकला नव्हता इतका सैल. “आहा. किती गार आहेत गं हात तुझे.”

सुकेशनी माझ्याकडे पाहत होती. मी तिला खुणेनं गप्प बसवलं. मी एक शब्दही बोलले नाही, त्याला हाक मारली नाही, मी इथं आहे असं सांगितलं नाही. माझा हात मी गालाला लावून पाहिला. हात तापला होता. फोन कानाशी धरून मी ऐकत राहिले.